उलटा पाच

"हसा रे, हसा! ह्याचा पाच बघा, पाय वर करून पडलाय!"

पंतोजी बोलला अन् ओसरीवरची पोरं खदाखदा हसली. पाटील आपल्या पोराचा अभ्यास बघायला आलता. त्याची करमणूक व्हावी म्हणून पंतोजीनं मला अंगणातल्या मातीत, ओसरीवरनं वाचता यावं म्हणून ओसरीकडं पाठ करून, आकडे लिहायला लावले हुते. पाटील पोट धरून म्हणला, "ह्यांची खोपडीच उलटी हाय." माझी कानशिलं तापली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

निजामाचं राज्य. केजच्या अलीकडं आमचं गाव. शाळा म्हणजे पाटलाची ओसरी. पोरं भिंतीला टेकून बसायची, म्होरं धुळपाटी. पंतोजी एकेकाचं बोट धरून धुळीत आकडा गिरवून घ्यायचा. कुणाला पाढे म्हणून समजायचं, कुणाला चिंचोके मांडून. पाटलाच्या पोराला तर मांडीवर घेऊन शिकवायचा. माझं बोट कोण धरणार? मी मांगाचा. अंगणात बसायचो, त्यांच्याकडं तोंड करून. मान लांब करून त्यांच्या पाट्या बघायचो. जसं दिसलं तसं मातीत गिरवलं.

समोरून उलटंच दिसणार की! हे मला त्याच वक्ताला कळलं. हसणं चालूच हुतं. मी माझ्या आकड्यांना वळसा घालून पलीकडं गेलो. पाच सरळ उभा. सगळेच सरळ.

"पंतोजी, इकडून बघा," मी म्हणलो. "बराबर हायत."

त्यानं आकडे बघितले. ओसरी बघितली. माझी बसायची जागा बघितली. त्याला कळलं. आईशप्पत, त्याला कळलं! तरीबी त्यानं छडी लांबून फेकून मारली. भुवई फुटली, रगत आलं.

बा पळत आला. पाटलाच्या म्होरं कपाळ मातीला लावलं. "लेकरू ढ हाय, मायबाप. चुकलं म्हण रे. म्हण, चुकलं!"

न्हाई म्हणलो. मी चुकलोच न्हवतो. बानं घरी नेऊन चऱ्हाटानं फोडून काढलं. शाळा तिथंच सुटली.

आता मांगवाड्यात मी पोरं शिकवतो. कुणाला दोराच्या गाठींवर, कुणाला हलगीच्या तालावर, कुणाचं बोट धरून. कुणी चुकलं की आदी त्याच्या जागेवर जाऊन बसतो. तिथून काय दिसतंय ते बघतो.

काल पाटलाचा निरोप आला. हे बंद कर.

करणार न्हाई. लांबून छडी फेकून आता भागायचं न्हाई. मला उठवायचं असंल तर या हितं, अन् हात धरून उठवा.