सरांची चांदणी

शेजारच्या सरांना हजार-दीड हजार वर्षांपूर्वीच्या स्लाव लोकांचे शब्द शोधायचा नाद. रशियन, पोलिश शब्द जुळवून त्यांनी मधाचा मूळ शब्द काढला, ‘मेदु’. तो सांगण्याआधी ते बोटानं हवेत चांदणी काढतात, पुस्तकात अशा अंदाजानं काढलेल्या शब्दापुढे छापतात तशी. ‘‘कोणी लिवून नाही ठेवला ना! अंदाज पक्का हाय, पण चांदणी लागते.’’

परवा गोंदियाच्या चौकात दरेकशाहून आलेल्या मधवाल्याला लोकांनी घेरलं. कोणाचा तरी मोबाइल यानंच चोरला म्हणे. सर गर्दीत घुसले, मी त्यांच्या मागे.

‘‘कोणं पायलं?’’

कोणीच पाहिलं नव्हतं.

सरांनी त्याच्या डोक्यावर चांदणी काढली. ‘‘मंग हात काऊन उचलून राहिले?’’

चांदणी कोणालाच कळली नाही, पण हात खाली आले.

परतताना मी म्हणालो, ‘‘बिचाऱ्यानं चोरला नव्हताच.’’

सरांनी माझ्या वाक्यालाही चांदणी लावली.