दादाचं हेल्मेट

हे मी गेल्या आठवड्यापर्यंत कोणालाच सांगितलं नव्हतं — नवऱ्याला नाही, आईला तर तिच्या शेवटच्या आजारातही नाही. आणि मी काही भित्री बाई नव्हे. सौंसरच्या शाळेत शिकवते, चार लोकांत उभी राहून ठणकावून बोलते. मग हेच का जमलं नाही?

माझा मोठा भाऊ विनायकदादा पांढुर्ण्यात पाण्याच्या मोटरी दुरुस्त करायचा. जळालेली मोटर त्याच्या हाती दिली की लोक निर्धास्त. हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय तो गाडीला किक मारत नसे. गाडीचा विमा त्यानं कधी संपू दिला नाही, वर चालवणाऱ्याचा अपघाती विमाही घेतलेला. मित्र हसायचे. तो आपला शांत. पण गावात आज त्याची ओळख काय? हेल्मेट असून न घातलेला माणूस. ही ओळख त्याला मी दिली.

थंडीचे दिवस होते. मी माहेरी आले होते आणि सकाळी दादा मला गाडीवर सौंसरला सोडायला निघाला. रस्त्यावर धुकं. माझे कान दुखत होते आणि मी निघाल्यापासून तेच सांगत होते. शेवटी त्यानं गाडी थांबवली, स्वतःचं हेल्मेट काढून माझ्या डोक्यावर चढवलं, पट्टाही त्यानंच लावला. स्वतः गळ्यातला दुपट्टा डोक्याला गुंडाळला. मी नको म्हटलं का? नाही.

पुढं कापसानं भरलेली ट्रॉली रस्त्यातच उभी होती, मागे लाइट नाही. दादानं ब्रेक मारला, गाडी घसरली. मी कडेच्या गवतात पडले. तो डांबरावर — डोक्यावर.

आता ते सांगते. मी उठले. पूर्ण शुद्धीत होते. शेतातून माणसं धावत येताना दिसत होती. आणि मी आधी दादाकडे गेले नाही — आधी पट्टा सोडला, हेल्मेट काढलं, पडलेल्या गाडीच्या हँडलला अडकवलं. मग त्याच्याकडे धावले. लोक म्हणतील, भावाचं हेल्मेट हिनं घेतलं — एवढं तेवढ्यात माझ्या डोक्यात येऊन गेलं होतं.

नागपूरच्या दवाखान्यातून तो वाचून आला. उजवा हात लुळा पडला, बोलणं अडखळतं झालं, ती सकाळ पार पुसली गेली. विम्यानं घर सावरलं, पण दुकान बंदच झालं. सुनंदावहिनी त्याच्या सदऱ्याची बटणं लावता लावता म्हणायची, "हेल्मेट हँडलले लटकवून कोण गाडी चालवते?" तो मान खाली घालायचा. एकदा त्यानं मला विचारलं, "मंदे, मी ते कावून काढलं असन वं?" मी म्हणाले, गरमी झाली असेल. ऐन थंडीत! त्यानं तेही मानलं.

याहून वाईट पुढं आहे. शाळेत रस्ता सुरक्षेचा कार्यक्रम असला की मी त्याला मुलांपुढं बसवायची. माझ्याकडे पाहा, मी आळस केला, असं तो सावकाश सांगायचा. मुलं टाळ्या वाजवायची. मुख्याध्यापक माझं कौतुक करायचे — आणि मी ते घ्यायची.

गेल्या आठवड्यात तो तसाच खुर्चीवर बसला होता, वहिनी मागच्या रांगेत. एका मुलीनं उठून विचारलं, काका, आळस कशाचा आला होता? दादा शोधत राहिला. आठवेना. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं, उत्तर माझ्याकडे असेल म्हणून.

मी माइक घेतला आणि सगळं सांगितलं. कान दुखण्यापासून हँडलपर्यंत. आवाज कापला नाही. खोटं बोलताना तरी कुठं कापला होता?

दादा परत मुलांकडे वळला. म्हणाला, "दोन ठेवत जा. मांगं बसते त्याच्यासाठी बी एक."

वहिनी पुढं आली. त्याच्या पायाशी चप्पल सरकवली, त्याला हाताला धरून उठवलं आणि माझ्याकडे न पाहता घेऊन गेली. अजून ती माझ्याशी बोललेली नाही. इतकी वर्षं ती निर्दोष माणसाला रागावत आली — आणि मी तिथंच बसून तिच्या हातचा चहा पीत होते.