दोन्ही बाह्या डाव्या

कोट कापण्यात मास्तरांचा हात धरणारा शिंपी आसपास नव्हता, आणि हे मास्तर स्वतःच सगळ्यांना सांगत. बढाई खरी होती म्हणून लोक ऐकून घेत. काज-बटण आणि हातशिलाई त्यांच्या बायकोकडे. गिऱ्हाइकं तिला काकू म्हणत. दुकान खाली, घर वर. दोघांची भांडणंसुद्धा जिन्यानं वरखाली करायची.

मग एकदा मास्तरांनी एका नवरदेवाच्या कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्या कापल्या. शिकाऊ कारागिरानं हे केलं असतं, तर मास्तरांनी त्याला दुकानाची पायरी चढू दिली नसती.

"कापड दुमडणाऱ्याची चूक," ते म्हणाले.

दुमडणाऱ्या काकूच होत्या. त्यांनी बोलणी खाल्ली, तसलंच कापड शोधून आणलं आणि उजवी बाही स्वतः कापली. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पुढं मूठ झाकता झाकता काकू मेटाकुटीला आल्या. टेप गळ्यात आणि मास्तर टेपसाठी दुकान पालथं घालतायत, याला आधी दोघंही हसली. नंतर काकू एकट्याच हसायच्या, आणि मग त्याही हसेनाशा झाल्या. माप घेतलं की आकडा सांगेपर्यंत मास्तर विसरत आणि गिऱ्हाइकावरच डाफरत. दोरा आणायला गेले, ते भलत्याच्या दारात कुलपाशी झटताना सापडले.

डॉक्टरांनी अल्झायमर सांगितला. "आधी कालपरवाचं जाईल, मग जुनं. शेवटी घास गिळणंही जड जाईल. औषधानं थोडा आधार मिळेल, पण गेलेलं परत येत नाही."

मुलगा दुसऱ्या शहरात. अशा माणसांना सांभाळणारी एक संस्था त्यानं पाहून ठेवली होती.

"आई, तुझ्याच्यानं होत नाही आता."

"मला ओळखतायत तोवर हे इथून हलणार नाहीत," काकू म्हणाल्या. "नाही ओळखलं, की घेऊन जा."

मुलानं तो शब्द धरून ठेवला. दर रविवारी फोनवर तेवढंच विचारी.

दुकान बंद झालं. काकूंनी कात्री लपवली, तर मास्तर दोन बोटांनी चादर कापत बसत. स्वतःच्या सदऱ्याची बटणं लावता येईनात. कपड्यांत होऊ लागलं. काकू गपचूप धूत राहिल्या. एकदा मास्तरांनी त्यांच्या थोबाडीत दिली. रोगावर चिडायचं तरी कसं? काकू नवऱ्यावरच चिडल्या, आणि मग जेवण भरवलं.

एका रविवारी काकू खिडकीशी एका सदऱ्याचं काज करत होत्या. मास्तर बराच वेळ बघत राहिले, मग जवळ आले.

"हात चांगला आहे तुमचा, बाई. पण कामावर नाही ठेवता येणार."

"का हो?"

"काजं माझी बायको करते. तिच्या तोडीचं कुणी नाही." त्यांनी आवाज खाली आणला. "तिच्या तोंडावर नाही म्हणत, डोक्यावर बसेल. निघा आता, ती येईल एवढ्यात."

काकूंची सुई थांबली. त्यांना रडू आलं आणि संतापही आला. सगळा जन्म शेजारी बसून काजं केली, तेव्हा हे तोंडातून निघालं नव्हतं.

फोन वाजला.

"आई, बाबा ओळखतात ना तुला?"

मास्तर दाराकडे बोट दाखवून उभे होते.

"ओळखतात की," काकू म्हणाल्या. "आत्ताच माझं कौतुक करत होते."