नळाच्या आवाजातलं गाणं

आमच्या घरात खरं बोलायचं काम माझ्याकडे आहे. ते मला कुणी दिलेलं नाही. बाकीचे सगळे गोड बोलतात, म्हणून ते माझ्या वाट्याला आलं. सासूबाई मला फटकळ म्हणतात, आणि कुणाला चार शब्द सुनवायचे असले की मलाच पुढे करतात.

माझ्या थोरल्या जाऊबाई, आमच्या ताई, चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासतात. फ्रेमच्या मापाची काच चाकावर धरायची, कड घासायची, बसवून बघायची, पुन्हा घासायची. जरा जास्त घासली गेली की काच वाया. बाईला चिवटपणा कुठून आला ते यावरून कळेल. दुकानातून सुटल्या की हौशी नाटक मंडळ. संगीत नाटक असलं की नायिकेची मैत्रीण म्हणजे ताई, हे ठरलेलं. त्यांचं एक पहाटेचं गाणं होतं. शेवटच्या ओळीला सूर असा वर चढायचा की खोकणारी माणसं खोकला दाबून बसायची.

मग गळ्यात गाठ आली. साधीच निघाली, काढून टाकली. जखम भरली, पण आवाज परत आला तो दुसऱ्याच कुणाचा तरी. जाड, खोल, खरखरीत. डॉक्टर आधी म्हणायचे, "येईल हळूहळू." पुढे पुढे ते नुसतंच "बरं आहे ना?" विचारायला लागले.

नेमकं तेव्हाच मंडळानं नवं संगीत नाटक काढलं. दिग्दर्शक बाहेरचे. त्यांचा नियम असा की जुना असो वा नवा, प्रत्येकानं निवडीला यायचं, स्वतःच्या पसंतीचं गाणं म्हणायचं, आणि तेही एकदाच. बायकांच्या भूमिका तीन: नायिका, मैत्रीण, आई. पुरुषांत नायक आणि एक म्हातारा जेलर. ताईंनी गाणं निवडायला क्षणभरही वेळ घेतला नाही. पहाटेचंच.

सराव चालायचा बाथरूममध्ये, नळ सोडून. बादली भरून वाहायची, आत गाणं चालू, आणि भावजी, म्हणजे ताईंचे यजमान, बाहेरून "वा! क्या बात है!" सासूबाईही मान डोलवायच्या. अख्ख्या घरानं बाईला हरभऱ्याच्या झाडावर चढवून ठेवलं होतं. स्वयंपाकघराची आणि बाथरूमची भिंत एक आहे, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं. शेवटची ओळ आली की आवाज टर्रकन फाटायचा. आणि बरोबर त्याच जागी नळ आणखी मोठा व्हायचा. म्हणजे ताईंना कळत होतं, पण ऐकायचं नव्हतं.

"भावजी, तुम्हाला ऐकू येतंय ना?" मी एकदा विचारलंच.

"येतंय."

"मग सांगा की त्यांना."

"माझ्याच्यानं नाही होणार. दवाखान्यातून आल्यावर ती किती दिवस गप्प होती, पाहिलंस ना तू?"

"चार लोकांत हसं झालं तर कायमची गप्प होतील त्या."

"देव आहे ना," सासूबाई मध्येच म्हणाल्या.

"देव आहे हो, पण वरचा सूर तो लावणार नाहीये."

मांजराच्या गळ्यात घंटा कुणी बांधायची, एवढाच प्रश्न होता. निवडीच्या आदल्या दिवशी सकाळी आत गाणं सुरू झालं. बाथरूमच्या पाइपचा कॉक बाहेर, दाराशेजारी आहे. शेवटची ओळ येईपर्यंत मी तिथे हात ठेवून उभी राहिले. ओळ आली आणि मी कॉक फिरवला.

पाणी थांबलं. उघडाबोडका आवाज घरभर झाला, वर गेला आणि फाटला. आतून पुन्हा तीच ओळ आली, पाण्याशिवाय. पुन्हा फाटली. तिसऱ्यांदा ताईंनी ती इतक्या हळू म्हटली की मला भिंतीला डोकं टेकवावंसं वाटलं.

दार उघडलं. डोक्यात साबण तसाच.

"कॉक कुणी बंद केला?"

"मी."

ताईंनी कपाळावरचा फेस पुसला. "साबण डोळ्यात जातोय," एवढंच म्हणाल्या. मी पाणी सोडलं.

दिवसभर घरात कुणी माझ्याशी बोललं नाही. "तुझ्या जिभेला हाड नाही हे ठाऊक होतं," सासूबाई शेवटी म्हणाल्या, "आता हातालाही नाही का?" ताई दुकानात गेल्या, आल्या, जेवल्या, झोपल्या.

सकाळी त्या तयार होऊन माझ्यासमोर उभ्या. "चल."

"मी?"

"तूच. बाकीचे तिथेसुद्धा वा वा करतील."

कुठलं गाणं म्हणणार, ते वाटेत दोनदा विचारलं. त्या नुसत्या पुढे चालत राहिल्या.

हॉलमध्ये आमच्या आधी एक पोरगी उभी राहिली, आणि नेमकं पहाटेचंच गाणं तिनं धरलं. शेवटची ओळ सरळ वर गेली, कुठे ओरखडासुद्धा नाही. ताईंचा अंगठा रुमालाच्या कडेवर फिरत होता, काचेची धार तपासावी तसा. मला वाटलं, आता उठतील आणि घरी चल म्हणतील. उठल्या, पण पुढे गेल्या.

"तुमची नेहमीचीच पट्टी ना, काळी पाच?" ओळखीच्या पेटीवाल्यांनी विचारलं.

"नाही. काळी एक."

"अहो, ती खालची, पुरुषांची."

"माहीत आहे मला."

आणि ताईंनी एका जुन्या नाटकातल्या पहारेकऱ्याचं गाणं सुरू केलं. आपल्या प्रवेशाची वाट बघत विंगेत उभं राहून त्यांनी ते प्रत्येक प्रयोगाला ऐकलं होतं. 'किल्ली माझी, कुलूप माझं, सांग आत कोण नि बाहेर कोण?' पहिली ओळ थरथरली. मी पर्सचा पट्टा आवळून धरला. दुसऱ्या ओळीला आवाजाला खाली जमीन सापडली. तीच खरखर, जिला आम्ही सगळे इतके दिवस घाबरत होतो, तिनं हॉल गप्प करून टाकला.

"हे कुठल्या भूमिकेसाठी?" दिग्दर्शकांनी विचारलं.

"जेलर."

"तो पुरुष आहे, बाई."

"इतकी वर्षं बाप्ये बायका झाले, तेव्हा कुणी अडवलं नाही."

पेटीवाले हसले. दिग्दर्शक हसले नाहीत. "घसा बसलाय की आवाजच असा आहे?"

ताईंनी रुमालाची घडी घातली. "आधी असा नव्हता," त्या म्हणाल्या, "आता हाच आहे."

हे वाक्य आमच्या घरात कुणी उच्चारलं नव्हतं. त्यांनीही नाही. माझे डोळे भरून आले, आणि मी सहसा रडत नाही.

"पुन्हा म्हणा," दिग्दर्शक म्हणाले. "या वेळी माझ्याकडे बघून. मी कैदी आहे असं समजा."

नियम तर एकदाच म्हणायचं, असा होता.

घरी पोचलो तर भावजी आणि सासूबाई दारातच. काय झालं हे विचारायची दोघांची हिंमत होईना, आणि ताई सरळ बाथरूममध्ये शिरल्या. थोड्या वेळानं आतून हाक आली.

"अगं ए फटकळ, हा नळ गळतोय. बाहेरून कॉक बंद कर. मला तालीम करायची आहे."