कुंकवाची बाजू

नरसप्पामामा गेल्याचं पत्र जेऊरच्या स्टेशनमास्तरांनी हातात ठेवलं, तेव्हा मी नावेच्या इंजिनासाठी आलेले रॉकेलचे डबे उतरवून घेत होतो. मामा सोलापूरच्या गिरणीत फिटर. नात्यानं माझे कुणी नव्हेत. भीमेवरच्या आमच्या इंजिनाच्या नावेचं दुखलंखुपलं तेच पाहायचे, म्हणून मामा. आज त्यांना जाऊन पाच आठवडे झाले. चार चांगले शब्द लिहावेत म्हणून बसलो, पण आधी एक गोष्ट कबूल करायला हवी... त्यांच्या हयातीत माझी छाती झाली नाही.

काही वर्षांपूर्वीच्या एका श्रावणात भीमेला पूर आला आणि बिरू धनगर, त्याची बायको, म्हातारी आई आणि साठेक मेंढरं नदीतल्या बेटावर अडकली. नाव मात्र काठाला बांधलेली. इंजिन थंड ठेवायला नदीचं पाणी ओढणारा जो पंप, त्याचं वाकड्या पाकळ्यांचं पितळी चाक वाळूनं झिजून मोडलं होतं. मामा नवं चाक घेऊन सकाळच्या गाडीनं आले. बेट डोळ्यांदेखत लहान होत होतं. त्या घाईतही माझ्या आईनं चाकाला हळदकुंकू वाहिलंच. पंपाच्या सांदीत मामांचा जाडजूड हात जाईना. ते म्हणाले, "शंकर, तू बसव. पाकळ्यांचा बाक बघून बसव." मी बाक पाहिला नाही, कुंकू पाहिलं. वाहिलेलं कुंकू आतल्या अंधाराकडं कसं करायचं? ती बाजू माझ्याकडं ठेवून मी चाक बसवलं आणि झाकण आवळलं.

भर धारेत नाव आली आणि कडेच्या नळीतून जिथं पाण्याची धार पडायची, तिथं नुसती लाळ गळायला लागली. इंजिन कसंही चालो, दर थोड्या वेळानं नळीवर तळवा ठेवायचा, ही मामांची सवय. त्यांनी हात ठेवला आणि झटकन मागं घेतला. "बंद कर!" नाव आडवी झाली. नावाड्यानं बुडालेल्या बाभळीच्या शेंड्याला दोर टाकला म्हणून वाचलो. बेटावर म्हातारीला पाठुंगळी घेऊन बिरू कंबरभर पाण्यात उभा होता. "अवं, या की लौकर! पानी वर यायलंय!" आणि आम्ही तापलेलं लोखंड निवायची वाट बघत बसलो होतो. शेवटी नदीचं पाणी आत सोडणारा कॉक बंद करून मी पंपाचं झाकण काढलं. मामांनी वाकून पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. "उलटं बसलंय. फिरव," एवढंच म्हणाले.

माणसं सगळी आली. मेंढरं निम्मीच. काठावर चाकाचं कळताच बिरू मामांच्या अंगावर धावून गेला. "कुनी बसवलं ते चाक? कुनी?"

"मी," मामा म्हणाले. "माझं चुकलं."

बिरूनं त्यांना नाही नाही ते ऐकवलं. मी शेजारीच उभा राहून ते ऐकत होतो. लाज वाटली; पण खरं सांगतो, त्याहून जास्त हायसं वाटलं. मामांनी पुढं तो विषय कधी काढला नाही. दर पावसाळ्याआधी मात्र ते नवं चाक पाठवायचे, ते कुंकू लावूनच. मला वाटायचं, त्यांच्याकडची रीत असेल.

परवा सोलापूरला त्यांच्या घरी गेलो. लक्ष्मम्मा मामींनी कोनाड्यातलं फडक्याचं गाठोडं माझ्यापुढं ठेवलं. "यंदाचं तुझं चाक. कुंकू मी लावते म्हटलं तर लावू देत नव्हते की. म्हणायचे, बाजू चुकली तर पोराचा घोळ होतो." मी चाक हातात घेऊन पाकळ्यांचा बाक पाहिला. कुंकू वाळलं होतं, पण बरोबर त्याच बाजूला होतं, जी माझ्याकडं यायला हवी.

बिरू अजून मामांचं नाव निघालं की थुंकतो. त्याला वाचता येत नाही, तेव्हा हे छापून येऊन भागणार नाही. चाक उद्या दुपारी बसवीन. सकाळी बिरूकडं जायचं आहे.