हॉलला दारं किती?

“शनिवारच्या लेक्चरच्या हॉलला दारं किती आहेत?” फोनवरच्या माणसाने विचारलं. आवाज वयस्कर, जपानी अतिशय अदबीचं.

“का?” मी विचारलं.

“तो फोटो दाखवणार असाल, तर माहीत असलेलं बरं.” त्याने आभार मानून फोन ठेवला.

जपानमधल्या २०११च्या मोठ्या भूकंपाच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. मी क्योतोच्या एका विद्यापीठात चिनी इतिहासात पोस्टडॉक करत होते. चीन-जपानमध्ये बेटांवरून तणाव पेटला होता. तिकडे जपानी दुकानं फुटत होती, इकडे कट्टर राष्ट्रवाद्यांच्या भोंगे लावलेल्या काळ्या गाड्या फिरत होत्या. आणि आमच्या लेक्चरचा विषय होता, शंभर वर्षांपूर्वीचे चिनी विद्यार्थी आणि त्यांचे खेळ.

तेव्हा चीनला ‘आजारी माणूस’ म्हणून हिणवलं जाई. कॉलेजच्या मुलांनी ते मनाला लावून घेतलं. शरीर कमावलं तर देश उभा राहील, म्हणून कवायत, धावणं, फुटबॉल. मैदानावर एकत्र यायची सवय मग मोर्च्यात कामी आली. आमच्या फोटोत एक फुटबॉल टीम होती, खेळाच्याच कपड्यांत. हातात कापडी फलक : जपानी माल घेऊ नका. असा फोटो म्हणजे आमचा प्रायमरी सोर्स, त्या काळाने स्वतः मागे ठेवलेला पुरावा.

तो शोधला होता लिन-सानने. ती चीनहून आमच्याकडे पीएचडीला आलेली. लेक्चर तीच देणार होती, पोस्टरवर तिचंच नाव होतं.

मी तिला फोनचं सांगितलं. ती हळूच म्हणाली, “काल गावी माझ्या आईलाही फोन आला. ‘तुमची मुलगी जपान्यांचा पैसा घेऊन त्या फोटोतली आपली पोरं त्यांना विकते.’ त्यांना घर माहीत आहे, कुलकर्णी-सान.”

म्हणजे धमक्या जपानी आणि चिनी, दोन्हीकडून.

“रद्द करूया का?” मी आमचे प्रोफेसर मोरिता-सेन्सेई यांना विचारलं.

“आज रद्द केलं, तर पुढच्या वेळी त्यांना फोनसुद्धा करावा लागणार नाही.” मग ते लिन-सानकडे वळले. “पण बोलायचं की नाही, हे तुम्ही ठरवा.”

ती म्हणाली, “माझं नाव काढा. फोटो राहू द्या.”

पोस्टर बदललं. बोलायचं माझ्यावर आलं. त्या आठवड्यात सायकलवरून घरी जाताना मी रोज रस्ता बदलायचे. नवरा तोक्योत नोकरीला. त्याला सांगितलं नाही, तो मला घेऊनच गेला असता.

शनिवारी गेटबाहेर तसलीच एक काळी गाडी ओरडत होती. मी बोलत होते आणि समोरच्या प्रत्येक चेहऱ्यावर फोनवरचा तो आवाज बसवून बघत होते. फोटो पडद्यावर आला. कोणी हललं नाही.

प्रश्नांच्या वेळी मागे करड्या कोटातला एक माणूस उभा राहिला. “लिन-सान आज का आल्या नाहीत?”

तोच आवाज.

मोरिता-सेन्सेई उठले, त्याच्यापर्यंत चालत गेले आणि दोन्ही हातांनी आपलं नाव-पत्त्याचं कार्ड पुढे केलं. “इथल्या कामाबद्दल जे विचारायचं, ते मला विचारा.” त्या माणसाने कार्ड घेतलं, कमरेत वाकला आणि निघून गेला.

पुन्हा फोन आला नाही. लिन-सानने पीएचडी पूर्ण करून तिसऱ्याच देशात नोकरी धरली. फोटोवरचा लेख तिने छापलाच नाही.

शंभर वर्षं लोटली की विषय थंड होतो, असं आम्हा इतिहासाच्या लोकांत मानतात. मी आता मानत नाही. पूर्वी लेक्चर ठरवताना फक्त फोटोची परवानगी घ्यायचे. आता बोलणाऱ्याला आधी विचारते, “पोस्टरवर नाव छापू का?”