गोड्या पाण्याचं यंत्र

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, पोरांजवळ नाही. तुम्ही ऐकताय म्हणून सांगतो — पण मान खाली घालून सांगेन, असं समजू नका.

आमचं गाव पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातलं. विहिरीचं पाणी असं, की डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. महाराष्ट्र होऊन काही वर्षं झाली होती, तेव्हा बुलढाण्याहून एक साहेब खारं पाणी गोडं करायचं यंत्र घेऊन आले. दोन उंच लोखंडी टाक्या, आत मोहरीएवढे मणी. पाणी त्यांतून गेलं की मीठ मणी धरून ठेवत, खाली गोडं पाणी येई. मणी थकले की एक टाकी अ‍ॅसिडनं धुवायची, दुसरी कॉस्टिक सोड्यानं. ते काम मला मिळालं. आमच्या बौद्धवाड्यातला मी पहिला मॅट्रिक — पण खरं कारण तेही नव्हे. अ‍ॅसिडजवळ जायला गावात दुसरं कोणी तयारच नव्हतं.

सरपंचानं लगेच बजावलं, "यंत्र तू चालव. पन तुमच्या बाया नळाच्या ओट्याखाली उभ्या राह्यतीन. आमचं भरून झालं की वरून वतू त्याईच्या घागरीत."

माझ्या हातानं गोडं झालेलं पाणी चालत होतं. माझ्या वहिनीचा हात तोटीला लागलेला चालत नव्हता. आता सांगा, चीड येणार नाही?

वहिनीला आली. रुखमावहिनी, माझ्या थोरल्या भावाची बायको. म्हणाली, "खाली काऊन उभं राह्याचं? भाऊजी, तुमी फक्त नळ चालू ठेवजा. सोमवारी वाड्यातल्या साऱ्या बाया ओट्यावर चढतो. मारतीन तर मारतीन."

मी हो म्हणालो. गावाला कुणकुण लागलीच; त्याच दिवशी सरपंचाची माणसं पारावर काठ्या घेऊन बसलेली मी पाहिली.

पुढं मी जे केलं, ते कुणाला कळलं असतं तर सूड म्हणाले असते. मीही स्वतःला तेच सांगत आलो — यांनी आमच्या बायांना खाली उभं केलं, मी यांचा नळच संपवला. ऐकायला किती मर्दानी वाटतं!

साहेबांनी एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होती — मणी कधी कोरडे पडू द्यायचे नाहीत. रविवारी भर दुपारी मी टाक्यांची झाकणं काढली, खालची चावी उघडली आणि सगळं पाणी सोडून दिलं. गावाला सांगितलं, अ‍ॅसिड संपलंय, साहेब आणतील तेव्हा नळ सुरू होईल. बाया थांबल्या. चैत्राचं ऊन, टाकीला हात लावला तर चटका बसायचा. मणी सुकत गेले. साहेब यायच्या सकाळी मी एकदम पाणी सोडलं — आत लाह्या फुटाव्यात तसे मणी तडकले. नळातून त्यांचा चुरा आला.

"आपलं पाणी लय कडक, साहेब. मण्याईले सोसलं नाही," मी म्हणालो. त्यांनी विश्वास ठेवला. थोड्याच दिवसांत ट्रक आला, टाक्या गेल्या.

वहिनी म्हणाली, "जाऊ द्या भाऊजी. आपल्या नशिबातच खारं हाय."

धम्म घेतल्यापासून नशीब हा शब्द तिच्या तोंडून मी ऐकला नव्हता. ती काठीला भ्यायली नव्हती. भ्यालो होतो मी. भांडण नको म्हणून मी भांडणाचं कारणच मारून टाकलं — हा सूड नव्हता, हे मला तेव्हाही माहीत होतं.

नंतर सगळ्या गावानं खारंच पाणी प्यायलं. वहिनीनंही. तिला मूतखड्याचा त्रास सुरू झाला. कमरेवर हात दाबून ती चुलीपुढं बसे. खामगावच्या डॉक्टरनं पाणी बदला म्हणून सांगितलं. मी समोरच उभा होतो. तेव्हा तरी बोलायचं होतं ना? नाही बोललो.

सरपंचाचं नुकसान झालं, त्याचं मला आजही काही वाटत नाही. तो गेला तेव्हाही वाटलं नाही. त्याच्या पोरांनी हे ऐकावं, खुशाल शिव्या द्याव्यात.

पण वहिनी ओट्यावर चढणार होती, आणि मी चढू दिलं नाही. ते यंत्र आपल्या पाण्यापुढं टिकलं नाही, असं समजूनच ती गेली. मरेपर्यंत दर दिवाळीला पहिलं ताट ती मला वाढायची. मी जेवत होतो.